उखाण्यात दिलेलं घर

लिहून ठेवणार झुंबरबाई भ्रतार ____________, वय अंदाजे साठ, धंदा शेती, राहणार आष्टी, तालुका परतूर. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कोणी धाकदपटशा केलेला नाही, आणि केला असता तरी मी ऐकलं असतं असं आष्टीत कोणी म्हणणार न्हाई. मालकांचं नाव मी तोंडानं घेत नसते. नरहरपंत, तेवढी जागा कोरी ठेवा, शेवटी सांगते.

एक. राहतं घर मालकांनी हयातीत माझ्या नावानं करून दिलं. ते माझ्यामागं माझी सून उषा हिचं. माझा एकुलता एक गजानन गुदस्ता तापानं गेला. दीर धर्मराज म्हणून राह्यले की, पोर तरणी हाय, उद्या दुसरं घर करील, मंग वास्तू भावकीत यावी. म्हणून बराबर लिहा: उषानं दुसरं लग्न केलं तरी घर तिचंच. तिच्या लग्नाचा मांडवही याच अंगणात पडावा.

दोन. छकडा आमच्या सालदाराला, भुजंगला. अट एकच. मतदानाच्या दिवशी वस्तीवरच्या बायांना त्यात बसवून न्यायचं, खर्चा मागायचा बिलकुल न्हाई. निजाम गेल्यावर पहिली निवडणूक आली, हैदराबादच्या विधानसभेची. धर्मराज म्हणाले, "बायांना काय कळतं त्यातलं?" मालकांनी छकडा जुंपला अन् आम्हाला नेलं. शाळेतल्या केंद्रावर साहेबांनी विचारलं, "नवऱ्याचं नाव?" मी पदर पुढं ओढला. "नाव सांगितल्याशिवाय चिठ्ठी मिळणार नाही, बाई." अगं बाई, घ्यावं तरी कसं? मागून शेजारची गोजरबाई ओरडली, "उखाण्यात घे की गं!" घेतला. सारी शाळा हसली. पुरुषांच्या रांगेत मालक पागोटं सारखं करत राह्यले. घरी येताना म्हणाले, "झुंबर, आज आपलं दुसऱ्यांदा लगीन लागलं."

तीन. ते पागोटं धर्मराज भावजींना. पुढं आपण मुंबई राज्यात गेलो, नवी आखणी झाली अन् आमचा तो मतदारसंघच मोडला. घरातलं कोणी गेल्यागत मालक ओट्यावर बसून राहिले. मी म्हणलं, "अहो, राज्याच्या शिवा सरकारच्या, माणसं तर तीच हायत ना?" त्याच हिवाळ्यात ते गेले. भावजींवर त्यांचा फार जीव होता, म्हणून हे पागोटं. ते घालून भावजींनी उषाच्या मांडवात उभं राहावं, ही हात जोडून विनंती. उभं राहायचं नसेल तर पागोटं उषाकडं परत करावं.

विधवेनं उखाणा घेऊ नये, अशी रीत आहे. ठाऊक आहे मला. मालक गेल्यापासून हळदीकुंकवाचं बोलावणंही कोणी केलं न्हाई. पण घर द्यायचं तर ज्यांनी दिलं त्यांचं नाव पाहिजे. उषा, रडू नको, ऐक.

मतदारसंघ मोडला, राज्याची हलली शीव,
श्रीपतरावांचं घर उषाला, तिच्यात माझा जीव.

नरहरपंत, वरची जागा आता भरा.

निशाणी: झुंबरबाई भ्रतार श्रीपती, डाव्या हाताचा अंगठा
लिहिणार: नरहर
साक्षीदार: काकासाहेब (सही)
साक्षीदार: गोजरबाई (अंगठा, दोन्ही उखाणे समक्ष ऐकले)

मुक्काम आष्टी, १२ जून १९६०