दाजींच्या कमरेचा फोटो

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून मी फोटोजर्नलिस्ट. लग्न, बारसं, प्री-वेडिंग बंद म्हणजे बंद. रोजचं जगणं जसं दिसेल तसं टिपायचं, कुणालाही पोज द्यायला सांगायचं नाही.
तात्यासाहेबांना भेटलो. छोटं दैनिक आहे त्यांचं. म्हणाले, छापण्यालायक एक फोटो आण, ट्रायलवर घेतो. एकच! माणसानं इतकं भोळं असू नये.

४ नोव्हेंबर
पहाटे वाळूजच्या कंपन्यांच्या शिफ्ट बसचे फोटो घ्यायचे होते. अलार्म ताईनं बंद केला म्हणे. बजाजनगरात बहिणीकडं राहायचं म्हणजे असे अडथळे येणारच. साडेआठला पोचलो तर बसा गेलेल्या. रिकाम्या स्टॉपचा फोटो काढला. रिकामपण हा पण विषयच आहे.

५ नोव्हेंबर
चहावाल्याचा कॅन्डिड घेणार, तेवढ्यात त्यानं कॅमेरा पाहिला. केस विंचरले, चार गिऱ्हाइकं बोलावली, सगळे ताठ उभे. वरून, भैया व्हॉट्सॲपवर टाक. टाकले. जनसंपर्क वाढला.

६ नोव्हेंबर
दाजींच्या कमरेत उसण भरली. म्हणजे कंपनीत तसं कळवलंय, डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडून. माणूस टुणटुणीत आहे. मका काढणीला आली की त्यांची कंबर जातेच. कंपनीच्या लाइनवर फुलंब्रीकडचे जेवढे आहेत, सगळ्यांची जाते. मीपण शेतावर चाललो. ग्रामीण जीवन!

८ नोव्हेंबर, शनिवार, फुलंब्री
सापडला!! दाजींच्या पाठीवर मक्याचं भरलेलं पोतं, मागून ऊन, तोंडभर हसू. त्यांना पत्ताच नाही. पूर्ण नाव, गाव, तारीख लिहून लगेच तात्यासाहेबांना पाठवला. पत्रकारितेत तपशील अचूक पाहिजे. घरात कुणाला बोललो नाही. सरप्राइज.

१० नोव्हेंबर, सोमवार
पहिलं पान! ‘पुंडलिक गाडेकर, फुलंब्री, शनिवारी मका वाहताना. छाया : सत्यम म्हस्के.’ ट्रायल पक्की. अंकांचा गठ्ठाच घेतला. एक दाजींच्या कंपनीच्या गेटवर देऊन आलो, त्यांच्या लोकांना अभिमान वाटावा म्हणून.

११ नोव्हेंबर
सुपरवायझरनं फोटो नोटीस बोर्डावर लावला. मला आधी कौतुकच वाटलं. मग कळलं, दाजींकडं खुलासा मागितलाय. परमनंट करायची फाइल वर गेली होती, ती थांबली.
ताई माझ्याशी बोलेना. दाजी रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, “सत्यम, इतकी वर्षं टेम्पररीत काढली रे. आता कुठं नंबर लागला व्हता.”
लई वाईट वाटलं. खरंच. फोटो चांगलाय पण.

१२ नोव्हेंबर
ताईनं तोडगा काढला. फोटो मागच्या वर्षीचा आहे, चुकून आत्ताचा म्हणून दिला, असं मीच पेपरात छापून आणायचं. मी तिला पत्रकारितेची मूल्यं समजावून सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि माझी बॅग दाराबाहेर ठेवली.
मूल्यांचा फेरविचार चालू आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
छापून आलं. पान सात, पाण्याच्या टाक्यांच्या जाहिरातीखाली. माझं नाव पूर्ण आहे. तात्यासाहेबांचा फोन आला. जुना माल ताजा म्हणून खपवणारा माणूस नको म्हणाले. ट्रायल रद्द. खरं सांगायला तोंड उघडलं आणि दाजी आठवले. सॉरी म्हणून ठेवून दिला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
दाजी परमनंट झाले. ताई बोलायला लागली, ताटात तूपसुद्धा वाढलं.
जेवण झाल्यावर दाजींनी मला गॅलरीत नेलं. ताईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, “फोटो झकास आलाय गड्या. माझा असा कुणी काढलाच नव्हता. मोठा करून आण, बैठकीत लावू.”
मला भरून आलं. शेवटी एका तरी माणसाला माझी कला कळली. फ्रेम माझ्याकडून, म्हटलं.
“आन खाली मागच्या सालची तारीख टाक,” दाजी म्हणाले. “रविवारी सुपरवायझर साहेब जेवायला यायलेत.”
टाकली.