परकरवालीचा रंग

प्रिय धांदू,

तुझं पाकीट शनिवारी चष्म्याच्या दुकानात मिळालं. समोर गिऱ्हाईक बसलेलं, त्याच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम, आणि मी टेबलाखाली पाकीट फोडत होते. फोटो पाहिला आणि त्या बिचाऱ्याला तीच काच दोनदा लावून विचारलं, आता बरं दिसतंय का? भला माणूस. दुसऱ्या वेळी म्हणाला, हो, आता बरंच बरं. आईची परकरवाली तुझ्या गच्चीवर फुलली, चार वर्षांनी! संध्याकाळी मी तुझ्या भावोजींना फोटो इतक्या वेळा दाखवला की शेवटी ते म्हणाले, फूल पाठ झालं आहे मला. पण फोटोच्या मागे तू एक ओळ लिहिली आहेस, 'तुझ्याकडच्यांपेक्षा ही फिकट का गं, ताई? माझं काही चुकलं का?' त्याचंच उत्तर लिहायला बसले आहे. तीन कागद फाडून झाले. तेव्हा जरा लांबून येते, सांभाळून घे.

तुला आठवतं का, बाजारातले मोठाले, कर्ण्यासारख्या तोंडाचे पिवळे डॅफोडिल आईला मुळीच आवडायचे नाहीत. वाजंत्रीवाले म्हणायची त्यांना. तिची ती रानातली छोटी जात, वीतभरसुद्धा उंची नाही, पानं गवतासारखी, पाकळ्या म्हणजे नुसत्या नाड्या आणि मधला घेर मात्र चांगला सढळ. जन्मभर शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बाईला त्यात परकर दिसला नसता तरच नवल! एकदा टेप घेऊन तिने फुलाचा घेर मोजला होता आणि आपल्याला सांगितलं होतं की कापड वाया न घालवता इतका घेर काढणारा कारागीर तिने दुसरा पाहिला नाही. उन्हाळा लागून पानं वाळली की ती कुंड्या उलट्या करायची, कंद झटकायची आणि सरळ बटणांच्या डब्यात टाकून डबा कपाटावर चढवायची. तू एकदा तपकिरी बटण आणायला गेलीस आणि तिच्या हातात कंद ठेवलास. तिनेही बोलण्याच्या नादात त्याला भोकं कुठे आहेत ते शोधलं होतं. मग हसता हसता तिला शिलाई मशीन थांबवावं लागलं.

ती गेल्यावर डब्यात बावीस कंद निघाले. बारा मी घेतले, दहा तुला दिले. मोठे मोठे बघून मी माझ्याकडे ओढले, हे तुला तेव्हा कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. जी बाई स्वतः चालवते त्याच बसमध्ये स्वतःची छत्री विसरते, तिच्याकडे ह्यांचं काय होणार, असं मी सगळ्यांदेखत म्हणाले आणि सगळे हसले. तूही हसलीस. शिवाय तुझं गाव भट्टीसारखं आणि तुझ्याकडची थंडी म्हणजे पहाटे एक शाल. माझं गाव गार, ओलं, हिरवं, म्हणजे फुलं माझ्याकडेच जगणार, हे मी ठरवूनच टाकलं होतं. मग माझी पत्रं सुरू झाली. उन्हाळ्यात रोज पाणी घाल, माती सुकू देऊ नकोस, सावलीत ठेव. तू मुकाट्याने सगळं केलंस, आणि दहाचे सात झाले, सातांचे तीन. त्यावर मी लिहिलं की तुझं कशात लक्षच नसतं. ते पत्र आठवलं की मला आजही कानकोंडं होतं. दोन महिने तुझा फोन नव्हता, आणि मी मात्र दर वसंतात माझ्या खिडकीखालच्या पिवळ्याधमक कुंड्यांचे फोटो तुला पाठवत राहिले.

आता सोबतच्या चिठ्ठीत तू लिहितेस की गेल्या वर्षी घर बदलण्याच्या गडबडीत कुंडी नव्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे राहिली. अख्खा उन्हाळा थेंबभर पाणी मिळालं नाही, टाकीच्या आडोशाने पुढे पावसाचंही नाही, थंडी पडल्यावर गवत उगवलंय असं वाटून तू पाणी घालायला लागलीस, आणि पुढे लिहितेस, रागावू नकोस. अगं, मी कशी रागावू? रविवारी मी आईचा तो डबा कपाटावरून काढला. बटणं सगळी चादरीवर ओतली. तळाशी कंदांची कागदासारखी तपकिरी सालं अजून होती, कोरडी खडखडीत. इतकी वर्षं मला वाटायचं, गॅलरीत जागा नाही म्हणून आई कुंड्या रिकाम्या करते. ती त्यांना झोपवत होती गं. ह्या जातीला उन्हाळ्यात कडकडीत कोरडं लागतं, पाणी लागतं ते थंडीत. आईला ते ठाऊक होतं, तुझ्या टाकीमागच्या उन्हाने ते आपोआप केलं, आणि सगळ्यात शहाणी जी मी, तिने मायेने पाणी घालघालून त्यांना कुजवलं.

आता उत्तर. तुझी फिकट नाही, आईचीच तशी आहे, लिंबाच्या सालीच्या आतल्या बाजूसारखी. माझी गडद आहेत, कारण ती आईची नाहीत. माझे बाराही कंद पहिल्याच उन्हाळ्यात गेले. उकरले तेव्हा बोटांना नुसता चिखल लागला. तुला सांगायची लाज वाटली, म्हणून रोपवाटिकेतून तसल्याच छोट्या जातीचे आणले. दर वर्षी नवे, आणि फोटो नेहमी लांबून. कंद का गेले हे मला कधी कळलं नाही, तरी तुला उपदेश मात्र करत राहिले. आईच्या बावीसांतले तीनच उरले आहेत, ते तुझ्याकडे, आणि तेही मीच मारत आणले होते. हे सांगायलाच हे पत्र, धांदू. सोबत बटणांचा डबा पाठवते आहे, तो आता तुझ्याकडेच शोभतो. पानं पिवळी पडेपर्यंत कापू नकोस, मग कंद डब्यात टाक आणि थंडी पडेपर्यंत विसरून जा. विसरण्यात तुझा हात धरणारं कोणी नाही, आणि हे मी पहिल्यांदाच कौतुकाने म्हणते आहे. कधी कंदाला एखादं पिल्लू सुटलं तर मला पोस्टाने पाठवू नकोस, मी येईन. तू शिकवशील तसं लावीन. रागव, चार दिवस बोलू नकोस, पण पाचव्या दिवशी माझा फोन उचल.

तुझीच,
आता तुझ्याकडून शिकायला निघालेली
ताई