श्रवण : उत्तम

प्रिय भोंगेराव,

अक्षर ओळखलंस ना? दमलेलं आहे, पण माझंच. तीन कागद फाडून हा चौथा घेतलाय. घरी ठीक. गुडघे संधी विसरून विग्रहावर आलेत, एवढंच. क्रेनचा हॉर्न ऐकू आला नाही म्हणून तुला घरी बसवलं, त्याला सहा महिने झाले. तुझ्या पत्रे ठोकायच्या प्रेसवर आता दुसरा माणूस आहे. तोही हळूहळू मोठ्यानं बोलायला लागलाय.

गेल्या महिन्यात वहिनी टाइम ऑफिसात आल्या होत्या, तुझ्या अर्जाचं उत्तर न्यायला. साहेबांनी ते माझ्याच हातून देववलं. कानांचे उपचार आणि यंत्र यांचा खर्च कंपनीकडे लागू होत नाही. दरवर्षी तपासणी झालेली आहे, अठरा वर्षं सलग 'श्रवण : उत्तम'. वहिनींनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाल्या, घरी दार बडवलं तरी ह्यांना कळत नाही आणि तुमच्या फायलीत कान ठणठणीत. तर भावोजी, ती फाइलच घरी पाठवा, निदान दार तरी उघडेल. मी चहा मागवला. तो त्यांनी घेतला नाही.

ती तपासणी आठवते? मशिनं बंद असलेल्या दिवशी, कॅन्टीनमध्ये. कंपनीचे डॉक्टर पाठीमागे उभे राहून टेबलावरची घंटी वाजवायचे. ऐकू आली की हात वर. कायद्यानं कंपनीनं तपासणी द्यायची, ती अशी दिली. कानात घालायचे बोळे द्यायचे, तेही आणले होते. हरवू नयेत म्हणून स्टोअरच्या कपाटात कुलपात ठेवले. तुझा आवाज वर्षागणिक चढत गेला आणि आम्ही तुला भोंगा म्हणून खिदळलो. माणसाला स्वतःचंच ऐकू येईनासं झालं की तो ओरडतो, हे इतकी वर्षं संस्कृत घोकलेल्या या डोक्यात शिरलंच नाही. शिरलं तेव्हा मी गप्प बसलो.

गप्प कुठला! रजिस्टर घेऊन तुझ्यासमोर मीच बसायचो. घंटी वाजली की माझं पेन जरासं उचललं जायचं आणि तुझा हात वर. तू कधी मागितलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही. तुला प्रेसवरून काढून गेटवर बसवतील, ही धास्ती दोघांनाही होती. मी त्याला मैत्री समजत होतो. खरं तर कंपनीनं जे करायला हवं होतं, ते टाळायला मी तिला सुंदर अक्षरात मदत करत होतो.

परवा फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या कचेरीत जाऊन मी जबाब दिला. घंटी, कपाट, पेन, सगळं. साहेब आता माझ्याशी बोलत नाहीत. गेटवर बसायची पाळी बहुधा माझीच. येत्या बुधवारी सकाळी इन्स्पेक्टरनी तुझी खरी तपासणी ठेवलीय, बंद खोलीत, दोन्ही कानांना हेडफोन लावून. फोनवर हे तुला सांगता आलं नसतं, म्हणून पत्र. एकच कर. ऐकू आलं नाही तर हात वर करू नकोस. सवयीनं मला शोधशील, म्हणून आधीच सांगतो : मी बाहेर बाकावर बसेन, दार लावून.

तुझाच,
पेनवाला