पथ्याचं वरण

बाबा, मळ्यातल्या ज्या विहिरीत तुम्ही मला पोहायला शिकवलं, तिच्यात मी या वयात पुन्हा उतरू लागलो होतो. तुम्हाला हसू आलं असतं. तुम्ही वाळका भोपळा पाठीला बांधून मला पायरीवरून ढकललं, तेव्हा माझ्या बरगड्या दिसत होत्या. आता भोपळा बांधायची गरज नव्हती, तो पुढच्या बाजूला आपोआप आला होता. मानोऱ्याच्या तालुका कचेरीत बसून बसून सुटलेलं हे पोट तुमच्या शेवटच्या दिवसांत नुकतं दिसायला लागलं होतं, आणि तुम्ही बाजारात वांगी विकताना लोकांना कौतुकानं सांगायचात, "आता कसा सायबावानी दिसते." आपल्या घरात अंगावर मांस चढणं म्हणजे दिवस बरे येणं. मलाही त्या पोटाची कधी लाज वाटली नाही.

मग तुमची नात आजारी पडली. तुम्ही गेलात तेव्हा ती रांगत होती. आता कॉलेज सोडवून घरी आणली आहे. डोळे पिवळे, पाय सुजलेले, पोटात पाणी. तिचं यकृत निकामी होत चाललंय, घरातल्या कुणी आपल्या यकृताचा तुकडा दिला तर ती वाचेल, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. तिच्या आईचा रक्तगट जुळेना. माझा जुळला. मला इतका आनंद झाला की डॉक्टर पुढे काय बोलले ते पुन्हा विचारावं लागलं. माझ्या यकृतावर चरबी साचली होती. ती उतरवा, मग बघू, म्हणाले. गुडघ्यांमुळे चालणं जमत नसेल तर पोहा. तूप, तळलेलं, साखर बंद.

म्हणून विहीर. पहिल्या सकाळी पाणी इतकं गार होतं की मी पायरीचा दगड सोडेना. तुमचं ओरडणं आठवलं, "गोटा धरून कोनी पोयते काय? सोड." सोडला. या काठापासून त्या काठापर्यंत हात मारायचो, धाप लागायची, छाती भात्यासारखी वरखाली व्हायची, आणि तरी पुन्हा वळायचो. प्रत्येक फेरीला वाटायचं, थोडी चरबी गेली असेल, पोरीचं थोडं काम झालं असेल. आयुष्यात देवाला काही मागितलं नाही, ते त्या पाण्यात मागितलं. घरी आलो की ज्वारीची अर्धी भाकर, वरण, पालेभाजी. स्वयंपाक ताई करते. भाऊजी गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. पथ्याचं असूनही जेवण चविष्ट लागायचं. ताईच्या हातालाच चव आहे म्हणून मी निश्चिंत होतो.

सुरुवातीला कमरेचा पट्टा एक घर आत गेला. मग वजन हलेना. मी फेऱ्या वाढवल्या, रात्रीची भाकर सोडली. गेल्या आठवड्यात नागपूरला पुन्हा तपासणी झाली. चरबी कमी झाली होती, पण पुरेशी नाही. आणि तिच्याकडे आता तेवढा वेळ नाही, असं डॉक्टर मान खाली घालून म्हणाले. दुसऱ्या कुणाचं यकृत मिळण्यासाठी तिचं नाव यादीत आहे, त्याची वाट बघायची. म्हणजे कुणाच्या तरी घरचं माणूस जाण्याची वाट बघायची, बाबा.

घरी येऊन ताईला सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती, तिनं तव्यावरची भाकर उतरवून ठेवली. मग म्हणाली, "म्या वरनात तूप जिरवत होतो रे. भाजीत खोबरं वाटून टाकत होतो."

"काहून?"

"तुले पोटातलं काढून द्याचं होतं. बाळंतिनीले कोनी उपाशी ठेवते काय? मले वाटलं, तुह्या अंगात ताकद पाह्यजे."

बाळंतिणीला डिंकाचे लाडू, तूप, खोबरं, हेच तिनं आयुष्यभर केलं. तिच्या हिशेबी मीही बाळंतीणच होणार होतो. त्या तुपानं किती बिघडलं कुणास ठाऊक. कदाचित नसतं तरी चरबी उतरली नसती. मी तिच्यावर ओरडलो नाही. ती आता माझ्यासमोर जेवत नाही. मी विहिरीवर जात नाही. मुलगी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असते, आणि खरं सांगतो, मला काही आशा राहिलेली नाही.

हा कागद पोस्टात टाकायचा नाहीच. ताईच्या किंवा पोरीच्या हाती लागू नये म्हणून सकाळी पाणी तापवायच्या चुलीत घालीन. पण एक गोष्ट कुणाला तरी सांगायची होती. त्या दिवशी नागपूरला डॉक्टरांकडून बाहेर आलो, तर सोबत आलेली पोर मला दवाखान्याच्या फाटकाजवळ बसवून हातगाडीवरून गरम आलूबोंडे घेऊन आली. तिला स्वतःला मीठसुद्धा बंद आहे. बोंड्यांची पुडी माझ्या हातात देऊन म्हणाली, "खाऊन घ्या पप्पा. आता कायले पथ्य करता?" मी खाल्ले, बाबा. तिच्यासमोर बसून सगळे खाल्ले, आणि ते मला फार चांगले लागले.