उजवं मडगार्ड

अब्बा, डॉक्टरांची काळी गाडी माझ्या गॅरेजात परत आली आहे. तीच, जिला खांब गावाजवळ हायवेवर ट्रकने समोरून चेपलं होतं. तेव्हा पेणच्या गॅरेजात तुम्ही तिची पुढची दोन्ही मडगार्डं उतरवलीत, डावं मला दिलंत, उजवं धाकट्या भावाला, आणि म्हणालात, "ठोका दोघं. बघू कुनाचा हात कसा हाय." आता डॉक्टर नाहीत. त्यांच्या मुलीला रोह्याच्या घरासमोर गाडी पहिल्यासारखी उभी करायची आहे, म्हणून तिने तयार नवी मडगार्डं मागवली. "जुनी भंगारात टाका, काका," म्हणाली.

तयार म्हणतात खरं, पण एक भोक जागेवर येईल तर शपथ. दोन दिवस त्या पत्र्याची मनधरणी करत होतो. बोल्ट नुसते अडकवलेले, आवळले नव्हते. आधी दार बघायचं, मग बॉनेट, मग कुठे वायसर घालून उचलायचं, कुठे कानशीने घासायचं. दार आणि मडगार्डमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसली पाहिजे. "जबरदस्ती केलीस ना, तर रंग मारल्यावर बोंबलंल तो," हे तुमचं बोलणं अजून कानात आहे. हाताखाली फडकं धरून, डोळे मिटून मी पत्रा चाचपतो, तुम्ही मला शिकवलंत तसाच. धाकट्याला शिकवलं नाहीत. त्याला ते जन्मतःच येतं, असं तुम्ही येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचात.

तेव्हा गणपतीचा हंगाम होता. आपला रंगारी कॉम्प्रेसर घेऊन जोहे गावात मूर्ती रंगवायला गेलेला, त्यामुळे ठोकलेली मडगार्डं लाल ऑक्साईड फासून तशीच पडली होती. त्याच दिवसांत तुम्ही आम्हा दोघांना रोह्याला मामूकडे पाठवलंत. आम्ही परत आलो तेव्हा गाडी रंगून उभी होती. उजव्या बाजूवरून हात फिरवत तुम्ही चार माणसांत म्हणालात, "ह्याला म्हनतात हात." आणि तुमची हातोडी धाकट्याला दिलीत. माझ्या बाजूकडे पाहून नुसतं, "बरं झालंय." तो घास अजून घशाखाली उतरला नाही, अब्बा. ती हातोडी आता कतारमध्ये त्याच्या दिवाणखान्यात काचेमागे टांगली आहे, आणि साहेब सुपरमार्केट सांभाळतात. मध्यंतरी त्याने तिचा फोटो पाठवला होता. मी अंगठा दाखवला आणि त्या दिवशी जेवलो नाही.

काल, उतरवून ठेवलेल्या जुन्या उजव्या मडगार्डची आतली बाजू घासली. धाकट्याचे ठोके उजव्या हाताचे, वेडेवाकडे, घाईचे. त्यांच्यावर दुसरे ठोके, बारीक, एकाशेजारी एक, उलट्या बाजूला कललेले. आपल्या घरात डावखुरे तुम्ही एकटेच होतात. त्याने बिघडवलेला सगळा पत्रा तुम्ही पुन्हा ठोकून काढला होता. मग मी माझं डावं घासलं. आत माझेच ठोके होते, दुसऱ्या कोणाचे नाहीत.

मला आनंद व्हायला हवा होता. जिंकलो होतो ना मी? पण उजवं मडगार्ड मांडीवर घेऊन बसलो आणि त्याचा जास्तच हेवा वाटला. त्याच्या चुकीपाशी तुम्ही इतका वेळ बसलात. माझं चांगलं होतं, म्हणून त्याला तुमचा हातसुद्धा लागला नाही.

आज नवी दोन्ही मडगार्डं बसली, फट सरळ आली. माझं जुनं डावं भंगारवाल्याला दिलं. उजवं आत पलंगाखाली ठेवलंय. गाडी आल्याचं धाकट्याला कळवलं होतं, संध्याकाळी त्याचा फोन आला. "अब्बांची आठवन येते रे. गाडीचं कसं काय? माझी बाजू अजून तशीच हाय का?" मी म्हटलं, "व्हय, तशीच हाय." बाकी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर त्या पत्र्यापाशी तुम्ही घालवलेले ते दिवसही त्याचे झाले असते.