घोडीवरचं हसू

आबा, नवा कॅमेरा घेतलाय. त्यात सेकंदाला पंचवीस चित्रं घेता येतात आणि पन्नासही, आपण ठरवायचं. तुमच्या खांद्यावरच्या जुन्या कॅमेऱ्याला ती मुभा नव्हती. पंचवीस म्हणजे पंचवीस. परवा निरगुडसरच्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीला घाटाच्या, म्हणजे धावेच्या चढाच्या, माथ्यावर उभी होते. खाली गाडा जुंपून झाला तरी माझं बोट आपलं मेनूत वरखाली करतंय. बैलांचा मालक ओरडला, "ताई, उरका की! बैलं काय तुमच्या कॅमेऱ्याला इचारून सुटणारेत?" शेवटी पंचवीस ठेवलं आणि शटर पन्नासावर. तुमचाच नियम, चित्रांच्या दुप्पट शटर. पण तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला ती बारी, गाड्याची ती एक धाव, आठवत असेल. चैत्रातली टळटळीत दुपार, भंडाऱ्यानं पिवळी झालेली हवा, तुम्ही माथ्यावर खांद्याला कॅमेरा लावून आणि मी बायकांच्या घोळक्यात, पोरगी कडेवर. चार बैलांच्या पुढं घोडी आणि घोडीवर तुमचा जावई. ह्यांना मी फोटोत कधी हसताना पाहिलं नाही. तुमच्याच स्टुडिओत, तुमच्याच स्टुलावर बसायचे, पण पोलिसांनी बसवल्यासारखे. त्या दिवशी मात्र घोडी वर आली आणि मी पाहिलं, हे तोंडभर हसत होते. पुढचा चैत्र त्यांनी बघितला नाही. मोटरसायकलवरून मंचरला निघाले होते, हायवे ओलांडताना गेले.

वर्षश्राद्धाला तुम्ही तोच स्टुलावरचा फोटो मोठा करून आणलात. मी म्हणाले, हा नको, कॅसेटमधला काढून द्या, घोडीवरचा. तुम्ही कॅसेट लावली, बरोबर जागेवर थांबवली. पडद्यावर घोडी होती, फेटा होता, आणि तोंडाच्या जागी पुसल्यासारखा पट्टा. मागं घेतलं, पुढं घेतलं. सगळीकडं तेच. तुम्ही म्हणालात, "थांबवल्यावर न्हाई दिसायचं, बाई. चालू असताना दिसतं." मला ती नुसती समजूत वाटली.

मग मी तुमच्याकडेच राहिले आणि कॅमेरा शिकले. सातवीपर्यंतची शाळा, पण वाचायची खोड होती, ती कामाला आली. कॅमेऱ्याचं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. त्यात एका पानावर मला हवं ते सापडलं. शटर म्हणजे एकेक चित्र घेताना कॅमेऱ्याचा डोळा किती वेळ उघडा राहतो ते. पन्नासावर सेकंदाचा पन्नासावा भाग; तेवढ्यात पळणारा माणूस सरकतो आणि पुसला जातो. हजारावर ठेवलं की डोळा लागलीच मिटतो आणि चेहरा स्वच्छ येतो. म्हणजे ते बटण तुमच्या कॅमेऱ्यावर तेव्हाही होतं! ते वाचलं त्या दिवशी मला भाकरी गोड लागली नाही.

पुढच्या यात्रेत तुम्हाला ताप होता, मी एकटी गेले आणि दिवसभर हजारावर शूटिंग केलं. बैलांच्या खुरांखालचा खडा न् खडा दिसला पाहिजे, असं मनात. कॅसेट बघायला लोणीचे बैलांचे मालक चार माणसं घेऊन स्टुडिओत आले. थोडा वेळ बघितलं आणि तुम्हाला म्हणाले, "मास्तर, ही आमची बैलं हायेत का बेडकं? पळत्यात कुठं, नुसत्या उड्या मारत्यात!" सगळे खो खो हसले. तुम्ही हसला नाहीत, मला रागावलाही नाहीत लोकांसमोर. घरी आल्यावर स्वयंपाकघरात ताटावर बसून म्हणालात, "आई बाजरी पाखडती ती बघ. सुपातनं पडताना दाना दिसतो का रेघ?"

"रेघ."

"त्या रेघेमुळंच पडतंय असं वाटतं. तू रेघच काढून टाकलीस. मालकाला पळणं पायजे. त्वांड पायजे आसंल त्याला फोटोचा कॅमेरा हाय."

मी म्हणाले, "मग त्या दिवशी फोटोचा का नाय काढला?"

आई पाखडायची थांबली. तुम्ही ताटावर बसला होता तसे उठलात, चूळ भरलीत आणि ओट्यावर जाऊन बसलात. ते बोलणं आपण पुन्हा कधी काढलं नाही. मग तुम्हीही गेलात.

उत्तर मला फार उशिरा सुचलं, आणि तेही माथ्यावर उभं राहून. खांद्यावर एवढं धूड, एक डोळा झाकलेला, खालून चार बैल अंगावर येतायत. दुसरा कॅमेरा धरायला तिसरा हात कुणाला असतो? आणि जावई पुढच्या वर्षी नसणार हे काय तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

मधल्या काळात ती कॅसेट मी सीडीवर करून घेतली. कॉम्प्युटरवर एकेक चित्र सरकवत बसते. माउस दाबून बोट दुखतं, तरी सोडवत नाही. एखाद्या चित्रात हनुवटी येते, एखाद्यात दातांसारखं काही पांढरं. हसू कशातच नाही. मागच्या महिन्यात अशीच बसले होते आणि पोरगी मागं येऊन उभी राहिली. तुमची नात आता कॉलेजला जाते. ती म्हणाली, "आई, सारखं सारखं काय थांबवती गं? सोड की जरा." मी सोडलं. घोडी वर आली, धूळ आली, गेली. ती म्हणाली, "पप्पा किती हसतायत!"

मी परत लावलं. मला दिसलं. मग सवयीनं बोट गेलं, थांबवलं, आणि पुन्हा पट्टाच.

तर तुम्ही बरोबर होता, आबा. मालकांना मी पन्नासावरच देते, बैल झकास पळतात, कुणाची तक्रार नाही. पण एक गोष्ट तुम्हाला पटणार नाही. दर यात्रेत घोडीवर बसणाऱ्या प्रत्येकाची एक बारी मी हजारावर घेते. मालकाला दाखवत नाही. परवा मेनूत बोट घुटमळत होतं ते त्या हजारासाठीच. त्या कॅसेटा तुमच्या कपाटात खालच्या कप्प्यात आहेत, कोण कुठल्या गावचा ते वर लिहून. त्यांच्या घरचं अजून कुणी माझ्यासारखं मागायला आलेलं नाही. येऊ नये.