रविवारची खोली

सोमवार, ७ ऑक्टोबर २०२४. सकाळी ८ वाजून ४० मिनिटे.

कलादालनाच्या पायरीवर बसून चीज घातलेला बन खातो आहे. दार नऊला उघडेल. ब्रिस्टलमधला माझा हा पहिलाच दिवस, हवा स्वच्छ आहे, आणि समोरच्या न्हाव्याने ओळख नसताना हात केला. बर्मिंगहॅमहून निघताना बहीण म्हणाली, की मागच्या तीन नोकऱ्या मिळून तू एक महिना भरला नाहीस, ही तरी भर. इथे एक महिना काम पाहून कायम करणार आहेत. सोळाव्या वर्षी शाळा सोडलेल्याला कलादालनात पुन्हा कोण घेणार? तेव्हा चूक करायची नाही.

संध्याकाळी ७.

दार मिस व्हर्नीसने उघडले. ती साफसफाई पाहते. सत्तरीची आहे, मूळची जमैकातल्या क्लॅरंडनची. नाव विचारले. ओशेन म्हटल्यावर म्हणाली, की या नावाचे चार भाचे आहेत मला, पाचवा नको, तुला बर्मिंगहॅम म्हणते. चहा करून दिला आणि मी कप धुवून ठेवला, तेव्हा म्हणाली, की आईने वळण लावलंय म्हणायचं.

प्रदर्शनाचे नाव ‘रविवारची खोली’. चित्रकर्ती रोशेल पिनॉक हिने आपल्या आजीची, मिस इसिल्डाची, घरातली पुढची खोली इथे जशीच्या तशी उभी केली आहे. लाल मखमली भिंतकागद, प्लास्टिकची खोळ चढवलेला सोफा, क्रोशाचे रुमाल, काचेचे मासे, लांबलचक रेडिओग्राम, म्हणजे रेडिओ आणि तबकडीयंत्र एकाच लाकडी कपाटात. आमच्या आजीकडे अशाच खोलीत आम्हाला मोजे घालूनही पाय ठेवू देत नसत. इथे मात्र लोकांनी आत यावे, बसावे, वस्तू हाताळाव्यात, असा रोशेलचा आग्रह आहे. ती म्हणाली, की जमैकाहून इथे आलेल्या आजीच्या पिढीला कुणी भाड्याने खोली देत नव्हतं, म्हणून पहिली स्वतःची खोली मिळाली ती त्यांनी देवघरासारखी ठेवली. ती एका इंचानेही हलता कामा नये.

माझे काम तेच आहे. लोक हलवतील ते रोज सकाळी जागेवर ठेवायचे. १९७४ च्या ईस्टरचा एक मोठा फोटो दिला आहे, त्याप्रमाणे. प्रत्येक वस्तूच्या कोपऱ्यांशी गालिच्यावर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा केल्या आहेत. मोजपट्टी माझी स्वतःची आहे.

शनिवार, १२ ऑक्टोबर.

काल उद्घाटन झाले. आपली जमैकन माणसे इतकी आली, की दाराबाहेर रांग लागली. एक म्हातारे गृहस्थ सोफ्यावर बसून रडले, मग उठून बायकोला म्हणाले, की आपला सोफा तू विकलास तो याच्याहून चांगला होता. बायको म्हणाली, की आठ वर्षं तुम्हीच म्हणत होता, विक.

माहितीच्या फलकावर एक शब्द चुकीचा लिहिला होता. मी रोशेलला दाखवला. तिने माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाली, की तुझ्यासारखाच माणूस मला हवा होता. हे इथे लिहून ठेवतो.

बुधवार, १६ ऑक्टोबर.

आज सकाळी आलो तेव्हा सगळे जागेवर होते. काल लोकांनी दोन खुर्च्या फिरवल्या होत्या, मासे उलटे ठेवले होते. मिस व्हर्नीसने लावले असेल असे वाटून आभार मानले. ती म्हणाली, की मी त्या खोलीत झाडूही घालत नाही, तिथला केर तुझा तू काढतोस ना? मला वाटत होते, ती काढते.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर.

पुन्हा तसेच. आणखी एक गोष्ट. रेडिओग्रामवरची राखदाणी मी मांडली होती त्याहून दीड सेंटिमीटर डावीकडे होती. भिंग घेऊन फोटो पाहिला. तिची खरी जागा तीच. मीच दहा दिवस चुकत होतो.

कुणीतरी माझ्याहून नीटस आहे. खरे सांगायचे तर थोडा आनंदच झाला.

मंगळवार, २२ ऑक्टोबर.

सोफ्याच्या खिडकीकडच्या टोकाला प्लास्टिक खाली दबलेले होते आणि कोमट होते. दालनात तेव्हा मी एकटाच. हीटर बंद. सकाळचे ९ वाजून १० मिनिटे.

दुपारी जेवताना मिस व्हर्नीसला सांगितले. तिने हातातली खिम्याची पॅटी खाली ठेवली. ती आणि मिस इसिल्डा तीस वर्षे एकाच चर्चमध्ये, एकाच बाकावर बसत. मिस इसिल्डा २०२० च्या एप्रिलमध्ये गेली. आमच्यात माणूस गेले, की नवव्या रात्री सगळे जमतात, गातात, रम आणि तळलेले मासे होतात, आणि मग घरातले सामान हलवतात, पलंग फिरवतात, गादी उलटी करतात. गेलेल्याला घर ओळखू येऊ नये, त्याने पुढे निघून जावे म्हणून. पण त्या एप्रिलमध्ये कुणाला कुणाच्या घरी जाता येत नव्हते. नववी रात्र फोनच्या पडद्यावर झाली. मिस व्हर्नीस म्हणाली, की प्रत्येक जण आपापल्या स्वयंपाकघरात गात होता, एकाचं कडवं संपायचं तेव्हा दुसऱ्याचं सुरू व्हायचं, आणि तिच्या घरातली एक खुर्चीसुद्धा कुणी हलवली नाही. नंतर सामान ट्रकमध्ये भरून गोदामात टाकले.

मग म्हणाली, की बिचारी चार वर्षं घर शोधत फिरली असेल रे, बर्मिंगहॅम. आणि तू मोजपट्टी घेऊन तिला ते लावून देतोस.

उद्या सोफा भिंतीकडे तोंड करून ठेव, एवढेच कर, असे तिने सांगितले.

बुधवार, २३ ऑक्टोबर.

नाही केले. रोशेल दहाला येते आणि फोटो हातात धरून पाहते. महिना भरायला बारा दिवस उरले आहेत.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर.

फोटोत रेडिओग्रामजवळ एक तरुण उभा आहे. तपकिरी सूट, पाय जुळवलेले, दोन्ही हात पाठीमागे. वस्तू मोजण्याच्या नादात मी त्याच्याकडे कधी पाहिलेच नव्हते. मिस व्हर्नीस म्हणाली, की तो एव्हर्टन, मिस इसिल्डाचा थोरला. पुढच्या वर्षी जहाजावर कामाला गेला तो परत आलाच नाही. ती दर रविवारी त्याचं ताट वाढायची, आणि कुणी त्याच्या जागी उभं राहिलं की खांद्याला धरून बाजूला करायची.

मग ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली, आणि तिने विचारले, की तुझी उंची किती.

मंगळवार, २९ ऑक्टोबर.

आज ९ वाजता सोफा फिरवला. एकट्याने. घाम फुटला. खुर्च्याही उलट्या केल्या.

पाणी प्यायला गेलो. चार मिनिटे. परत आलो तर सगळे खुणेवर, रुमालांच्या घड्यासुद्धा.

रोशेलला सांगितले. तिने ऐकून घेतले. म्हणाली, की मिस व्हर्नीसने तुझ्या डोक्यात काय काय भरलंय? आजी आली तर मी पहिली तिच्या गळ्यात पडेन. मग म्हणाली, की तू हुशार आहेस ओशेन, सोमवारी तुझ्या कागदावर सही होतेय, आता माती खाऊ नकोस.

मी बरे म्हटले.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर.

गालिच्यावर नवीन खुणा. पांढरी चिकटपट्टी, माझ्याच रिळाची. रेडिओग्रामजवळ. दोन बुटांचे आकार, टाचा जुळलेल्या. मी केल्या नाहीत.

काढून टाकल्या. माझा बूट त्यांवर ठेवून पाहिला नाही. पाहायची गरज नव्हती.

शुक्रवार, १ नोव्हेंबर.

खुणा परत आल्या आहेत.

मिस व्हर्नीस म्हणाली, आजच निघ, बॅगसुद्धा घेऊ नकोस, पैसे नसतील तर मी देते. तिने हात धरला होता. मी म्हटले, फक्त तीन दिवस, सोमवारी सही झाली की रजा घेतो. ती म्हणाली, की सहीने तू कुणाचा होणार आहेस, याचा विचार कर. आणि मग म्हणाली, पोरा, मी इसिल्डाला ओळखते, ती हातची वस्तू सोडत नाही.

शनिवार, २ नोव्हेंबर.

कपाटात तपकिरी सूट. माझ्या कपाटात, माझ्या भाड्याच्या खोलीत. इस्त्रीचा. कापराचा वास —

बस स्थानकावर गेलो होतो. तिकीट काढले. ११.१५ ची बस. ती आली हे आठवते. दार उघडले हे आठवते. मग पायाखाली दालनातला गालिचा. मग एक बाई मुलीला सांगत होती, हात लावू नको —

खांदा दुखतो. चार बोटे, अंगठा. हळू धरले होते. प्रेमाने —

रविवार, ३ नोव्हेंबर.

सकाळचे १० वाजून गेले असावेत. घड्याळ पाहता येत नाही. मान वळत नाही.

वही रेडिओग्रामवर आहे. न पाहता लिहितो आहे. अक्षर नीट येत नाही, माफ करावे.

मिस व्हर्नीस दारात होती. हाका मारत होती, माझ्या खऱ्या नावाने. ओशेन, ओशेन. आत यायला पाय उचलला आणि — सोफ्यावरून कुणीतरी उठले. प्लास्टिक वाजले. मिस व्हर्नीस मागे सरली.

रोशेल आली. फोटो हातात. फोटो पाहिला, खोली पाहिली. माझ्यावरून नजर गेली, थांबली नाही. म्हणाली, आता सगळं जागेवर आहे. रडत होती.

बाहेर रांग आहे. लोक येत आहेत, पाहत आहेत, पुढे जात आहेत.

सूट बरोबर बसतो.

फोटोत त्याचे दोन्ही हात मागे आहेत. डावा गेलाच आहे. उजवा अजून — बोटे हळूहळू — ती एकेक सोडवते आहे, पेन्सिलीवरून, ओरडत नाही, आई जशी — मी अजून लिहि